प्रश्न टीव्हीवर, उत्तर पंचवीस वर्षांनी

२०२५ च्या जूनअखेरीस इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरातल्या न्यायालयाने ९२ वर्षांच्या एका माणसाला खुनाबद्दल दोषी ठरवलं. खून झाला होता जून १९६७ मध्ये. घरात एकट्या राहणाऱ्या ७५ वर्षांच्या बाईंचा. तेव्हा पोलिसांच्या हाती एकच धागा होता, मागच्या खिडकीवरचा तळहाताचा ठसा. त्या एका ठशासाठी त्यांनी आसपासच्या सुमारे १९,००० पुरुषांचे आणि मुलांचे ठसे घेतले. गुन्हेगार राहत होता त्या टापूच्या जेमतेम बाहेर. त्याच्या दारापर्यंत कुणी पोचलंच नाही. त्या बाईंचा स्कर्ट मात्र पोलिसांच्या खोक्यात तसाच राहिला, आणि ५७ वर्षांनी त्याच कापडावरून डीएनए मिळाला.

अशी बातमी आली की युरोपात एक पिढी जुन्या टीव्ही कार्यक्रमांच्या आठवणी काढायला लागते. रात्री सगळं घर टीव्हीसमोर, पडद्यावर एखाद्या खऱ्या खुनाची हकीकत, आणि शेवटी निवेदक थेट डोळ्यांत बघून विचारतो: त्या संध्याकाळी तुम्ही तिथे होतात का? हा माणूस ओळखीचा वाटतो का? त्या कार्यक्रमांच्या जुन्या चित्रफिती आजही लोक शोधून शोधून बघतात.

आपल्यापैकी चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्यांना हा अनुभव वेगळ्या रूपात आठवत असेल. मुंबई दूरदर्शनवर ‘आपण यांना पाहिलंत का?’ लागायचं. एक स्थिर फोटो, बहुतेक वेळा धूसर, आणि एका सुरातला आवाज: वर्ण गव्हाळ, बांधा सडपातळ, चेहरा उभट, नाक सरळ, अंगात निळा शर्ट आणि खाकी हाफपँट, भाषा मराठी बोलतो. आमच्या घरी त्या वेळी कुणी बोलायचं नाही. आई हातातली भाजी निवडायची थांबायची आणि फोटो जाईपर्यंत बघत राहायची.

टीव्हीवरून विचारलेल्या प्रश्नाने गुन्हा खरंच सुटतो का, आणि सुटत असेल तर कधीकधी पंचवीस-पंचवीस वर्षं का लागतात, हे आज नीट समजून घेऊ.

सुरुवात कुठे झाली

या प्रकाराला आपण ‘आवाहन कार्यक्रम’ म्हणू. पोलिसांचा तपास अडला आहे, तेव्हा ते प्रेक्षकांकडे माहिती मागतात, असा कार्यक्रम. गुन्हेगारी मालिकेत आणि यात एक मोठा फरक आहे. मालिकेच्या शेवटी गुन्हेगार सापडतो. आवाहन कार्यक्रमाच्या शेवटी फोन नंबर येतो.

याची पहिली मोठी पायवाट पाडली पश्चिम जर्मनीने. २० ऑक्टोबर १९६७ ला, म्हणजे ब्रिस्टलचा तो खून झाला त्याच वर्षी, त्यांच्या दुसऱ्या राष्ट्रीय वाहिनीवर ‘आक्टेनत्साइखेन एक्सवाय... उनगेल्योस्ट’ सुरू झाला. नावाचा सरळ अर्थ ‘फाइल क्रमांक एक्सवाय... न सुटलेली’. एडुआर्ड त्सिमरमान यांची ती कल्पना, आणि १९९७ पर्यंत, तब्बल तीस वर्षं, निवेदनही त्यांनीच केलं. पुढे ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमधले स्टुडिओही जोडले गेले, कारण गुन्हेगाराला सरहद्द ओलांडायला एक रात्र पुरते. हा कार्यक्रम अजून चालू आहे.

त्याच धर्तीवर बीबीसीने ७ जून १९८४ ला ‘क्राइमवॉच’ आणला. निवेदक निक रॉस आणि स्यू कुक. प्रसंग नटांकडून पुन्हा उभा करायचा, तपास अधिकाऱ्याला स्टुडिओत बसवायचं, मागे फोन घेणारी माणसं दिसत राहायची. रॉस शेवटी प्रेक्षकांना सांगायचे, वाईट स्वप्नं पडू देऊ नका, शांत झोपा. हे वाक्य तिकडच्या घराघरांत मुरलं. मूळ मासिक कार्यक्रम २०१७ साली बंद झाला, दिवसाच्या वेळेतलं त्याचं भावंड पुढे चालू राहिलं.

अमेरिकेत फेब्रुवारी १९८८ मध्ये ‘अमेरिकाज मोस्ट वाँटेड’ आला. त्याचे निवेदक जॉन वॉल्श. त्यांच्या सहा वर्षांच्या मुलाला १९८१ साली फ्लोरिडातल्या एका दुकानातून पळवून नेऊन मारलं होतं. ते कॅमेऱ्यात बघून माहिती मागायचे तेव्हा त्या आवाजामागे काय आहे, हे सगळ्या देशाला ठाऊक होतं. पहिल्या भागात दाखवलेला फरार आरोपी चार दिवसांत पकडला गेला. १९९८ मध्ये झी टीव्हीवर सुहैब इलियासी यांचा ‘इंडियाज मोस्ट वाँटेड’ आला, तो याच घराण्यातला.

‘न सुटलेला’ म्हणजे बंद झालेला का?

नाही, आणि इथे बहुतेकांची गल्लत होते. महाराष्ट्रात पोलिसांच्या बोलण्यात ‘ए समरी’ हा शब्द येतो. तपास करूनही हाती काही लागलं नाही, तर पोलीस न्यायालयात अहवाल देतात: गुन्हा खरा आहे, पण आरोपी सापडला नाही. ती ‘ए समरी’. तक्रार खोटी निघाली तर ‘बी’, आणि गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाच्या वादातून आली असेल तर ‘सी’. ‘ए समरी’ झालेली फाइल कपाटात जाते, पण मरत नाही. नवा पुरावा आला तर पुढचा तपास करण्याची सोय कायद्यातच आहे.

खुनासारख्या गंभीर गुन्ह्याला आपल्याकडे मुदत नाही. दोन वर्षांनी सापडो की चाळीस वर्षांनी, खटला चालू शकतो. जर्मनीत मात्र एके काळी खुनालाही मुदत होती. नाझी काळातले मारेकरी वेळ काढून सुटून जातील या भीतीने ती आधी वाढवली गेली आणि १९७९ मध्ये खुनासाठी साफ काढून टाकली. त्यामुळे जुनी फाइल उघडण्याला तिथे नुसता भावनेचा नाही, कायद्याचाही आधार आहे.

मग फाइल अडते कुठे? माझ्या समजुतीप्रमाणे, न सुटलेल्या गुन्ह्याचा पुरावा दोन जागी साठलेला असतो. एक, वस्तूत. कापड, कागद, ठसा. दुसरा, माणसात. कुणीतरी काहीतरी पाहिलेलं, ऐकलेलं किंवा घरात लपवलेलं असतं. वस्तू उघडायला प्रयोगशाळा लागते. माणूस उघडायला प्रश्न लागतो, आणि तो बहुधा एकदा विचारून भागत नाही.

लाखो प्रेक्षक, पण हवा असतो एकच

आवाहन म्हणजे वाड्याच्या चौकात उभं राहून हाक मारणं. ऐकतात सगळे, पण ती असते एखाद्याच खोलीतल्या माणसासाठी. त्याला कदाचित माहीतच नसतं की आपल्याकडे काही आहे.

याचा सगळ्यात बोलका दाखला अमेरिकेतला. नोव्हेंबर १९७१ मध्ये न्यूजर्सीतल्या वेस्टफील्ड गावात जॉन लिस्ट या हिशेबनीसाने आई, बायको आणि तीन मुलांचा खून केला आणि तो नाहीसा झाला. अठरा वर्षं पत्ता नाही. त्याचा ताजा फोटो कुठून आणणार? तेव्हा फ्रँक बेंडर या शिल्पकाराने जुन्या फोटोंवरून, वय वाढलं तर हा माणूस कसा दिसेल याचा अंदाज घेत मातीत मुखवटा घडवला. गाल ओघळलेले, कपाळ मोठं झालेलं. आणि डोळ्यांवर जाड काड्यांचा चष्मा, कारण हा माणूस स्वतःला रुबाबदार दाखवायला तसलाच चष्मा निवडेल असा त्यांचा होरा होता. २१ मे १९८९ ला तो चेहरा टीव्हीवर दाखवला. पूर्वी त्याच्या शेजारी राहिलेल्या लोकांना तो ओळखीचा वाटला. १ जूनला व्हर्जिनियात तो पकडला गेला, दुसऱ्या नावाने, दुसरा संसार थाटून, पुन्हा हिशेबाचीच नोकरी करताना.

त्या शेजाऱ्यांनी खून पाहिला नव्हता. त्यांच्याकडे फक्त एक चेहरा होता. प्रश्न समोर येईपर्यंत त्या माहितीला किंमत नव्हती.

दुसरा प्रकार असतो तो जाणूनबुजून गप्प बसलेल्या माणसाचा. बायकोला माहीत असतं की त्या रात्री नवरा उशिरा आला आणि शर्ट धुतला. मित्राला माहीत असतं की याने कोयता कुठे टाकला. तेव्हा ती माणसं बोलत नाहीत, कारण भीती असते, प्रेम असतं, मिंधेपणा असतो. पण नाती बदलतात. घटस्फोट होतो, भागीदारी मोडते, धाक असलेला माणूस मरतो, किंवा बोलणाऱ्यालाच स्वतःची मुलगी होते आणि ती त्या मेलेल्या मुलीच्या वयाची होते. म्हणून जुन्या फाइलवर काम करणारे अधिकारी काळाला नुसता शत्रू समजत नाहीत. काळ आठवण झिजवतो, पण निष्ठाही झिजवतो. दहाव्या, विसाव्या स्मृतिदिनी पुन्हा आवाहन करतात ते याचसाठी.

अशा माणसाला बोलतं करायचं तर नाव गुप्त राहील याची खात्री हवी. न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्क शहरात १९७६ साली ग्रेग मॅकअलीस नावाच्या पोलिसाने पेट्रोल पंपावरच्या एका तरुणाच्या खुनाचा प्रसंग स्थानिक टीव्हीवर उभा केला, बक्षीस लावलं आणि नाव विचारणार नाही असं सांगितलं. काही तासांत फोन आला, तीन दिवसांत दोघे ताब्यात. त्यातून ‘क्राइम स्टॉपर्स’ ही पद्धत उभी राहिली आणि देशोदेशी पसरली.

आठवण म्हणजे फोटो नव्हे

इथवर वाचून वाटेल की प्रसंग जितका हुबेहूब दाखवू तितकं चांगलं. तसं नाही.

१९७४ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना गाड्यांच्या अपघाताची चित्रफीत दाखवली. काहींना विचारलं, गाड्या एकमेकींवर ‘आदळल्या’ तेव्हा वेग किती होता? काहींना तोच प्रश्न ‘लागल्या’ असा सौम्य शब्द घालून विचारला. आठवड्याने सगळ्यांना विचारलं, काच फुटलेली पाहिली का? चित्रफितीत फुटकी काच नव्हतीच. ‘आदळल्या’ ऐकलेल्या ५० जणांपैकी १६ जण हो म्हणाले, ‘लागल्या’ ऐकलेल्या ५० पैकी ७.

एका शब्दाने डोळ्यांसमोर काच उभी राहते, तर अख्ख्या नाट्यप्रसंगाने काय होईल? टीव्हीवरच्या नटाने तपकिरी जाकीट घातलं असेल, तर आठवड्याभराने साक्षीदाराला स्वतः पाहिलेल्या माणसाच्याही अंगात तपकिरी जाकीट दिसू शकतं. तो खोटं बोलत नसतो. आठवण ही लोणच्यासारखी असते, दर वेळी बरणी उघडली की बाहेरची थोडी हवा आत जातेच. म्हणून चांगला तपास अधिकारी साक्षीदाराचा जबाब आधी घेतो, प्रसंग नंतर दाखवतो.

आणखी एक काळजी घेतात. घटनास्थळाचा एखादा तपशील मुद्दाम लपवून ठेवतात. फोन करणाऱ्याला तो माहीत असेल, तर त्याचं बोलणं गंभीरपणे घ्यायचं. वर्तमानपत्रात आलेलंच सांगत असेल, तर सावध राहायचं.

कागदी टॉवेल आणि पालुपद

आता त्या पंचवीस वर्षांच्या उत्तराकडे येतो.

‘क्राइमवॉच’च्या अगदी पहिल्या भागात नॉटिंगहॅमशायर परगण्यातल्या कीवर्थ गावच्या १६ वर्षांच्या मुलीचा खून दाखवला होता. ऑक्टोबर १९८३ मधली घटना. संध्याकाळी ती मित्राच्या घरी चालत निघाली होती. खुनी नंतर जवळच्या एका पबमध्ये गेला होता, तिथे त्याने हात पुसलेला कागदी टॉवेल पोलिसांना मिळाला. पुढे त्याने पोलिसांना पत्रही पाठवलं, तुम्हाला मी कधीच सापडणार नाही असं हिणवणारं. कार्यक्रमानंतर शेकडो फोन आले. गुन्हा सुटला नाही.

त्या भागानंतर तीनच महिन्यांनी, १० सप्टेंबर १९८४ ला, शेजारच्याच परगण्यात लेस्टर विद्यापीठात ॲलेक जेफ्रीज यांना प्रयोगशाळेत डीएनएवरून माणूस ओळखण्याची युक्ती सापडली. हा योगायोग मला कायम अस्वस्थ करतो. प्रश्न आणि उत्तराची किल्ली एकाच वर्षी, जवळजवळ एकाच पंचक्रोशीत होती, आणि त्यांची गाठ पडायला अजून चोवीस वर्षं होती.

डीएनए ओळख म्हणजे काय, ते एकदाच सांगतो. आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत शरीराच्या जडणघडणीचा मजकूर असतो, तोच डीएनए. त्यात काही ठरावीक जागी एखादा छोटा तुकडा पुन्हा पुन्हा येतो, भजनातल्या पालुपदासारखा. एका जागी ते पालुपद तुमच्यात नऊ वेळा येत असेल, माझ्यात चौदा वेळा. प्रत्येक जागेला दोन आकडे असतात, एक आईकडून आलेला, एक बापाकडून. ब्रिटनमध्ये त्या काळी अशा दहा जागा मोजत, म्हणजे वीस आकडे. ते सगळेच्या सगळे दुसऱ्या कुणाशी जुळणं जवळपास अशक्य.

ब्रिटनने १९९५ मध्ये या आकड्यांचा राष्ट्रीय साठा सुरू केला. पण खुन्याचा नमुना साठ्यातच नसेल तर? इथे नात्याचा शोध कामी येतो. मुलाचा निम्मा वाटा बापाचा असतो, म्हणून प्रत्येक जागी निदान एक आकडा बापाशी जुळतोच. पूर्ण जुळणारा माणूस नाही, पण निम्मा जुळणारा आहे, मग त्याच्या घरात बघा.

कीवर्थच्या प्रकरणात हेच झालं. २००८ मध्ये एका तरुणाला वाहन चालवण्याच्या गुन्ह्यात अटक झाली आणि नियमाप्रमाणे त्याचा नमुना घेतला. तो त्या कागदी टॉवेलवरच्या नमुन्याशी निम्मा जुळला. खून झाला तेव्हा हा मुलगा जन्मलासुद्धा नव्हता. २००९ मध्ये त्याच्या वडिलांना अटक झाली, डिसेंबरमध्ये त्यांनी गुन्हा कबूल केला. जन्मठेप झाली, आणि वर्ष उलटायच्या आत तुरुंगातच मृत्यू.

मग आता टीव्हीवर विचारायचं कशाला? प्रयोगशाळा आहे की

हा आक्षेप अगदी स्वाभाविक आहे. पण डीएनए वापरलेल्या जगातल्या पहिल्याच खून-तपासाची गोष्ट ऐका.

लेस्टरशायरमध्ये १९८३ आणि १९८६ साली दोन किशोरवयीन मुलींचे खून झाले. एका १७ वर्षांच्या मुलाने एका खुनाची कबुली दिली होती. जेफ्रीज यांच्या चाचणीने सिद्ध केलं की खुनी तो नाही. डीएनएने पहिल्यांदा सोडवलं ते एका निर्दोषाला, हे विसरलं जातं. मग पोलिसांनी आसपासच्या गावांतल्या सुमारे ५,००० पुरुषांचे नमुने घेतले. एकही जुळला नाही. खऱ्या गुन्हेगाराने आपल्या जागी बेकरीतल्या एका सहकाऱ्याला पाठवून रक्त द्यायला लावलं होतं. तो सहकारी पुढे एका पबमध्ये ही गोष्ट बोलून गेला. ऐकणाऱ्यांत एक बाई होती, तिला चैन पडेना, आणि काही आठवड्यांनी तिने पोलिसांना सांगितलं. सप्टेंबर १९८७ मध्ये गुन्हेगार सापडला.

५,००० नमुने आणि नवंकोरं शास्त्र, आणि तरी गाठ सुटली ती एका बाईच्या सांगण्यावरून.

शास्त्राचीही चूक होते, किंवा त्याला नको तितकं वजन दिलं जातं. १९९५ पासून ‘क्राइमवॉच’चं निवेदन करणाऱ्या जिल डँडो यांना २६ एप्रिल १९९९ ला लंडनमध्ये त्यांच्याच घराच्या दारात गोळी घालून मारलं. पुढच्याच महिन्यात त्या कार्यक्रमात त्यांच्याच खुनासाठी आवाहन करण्यात आलं. निक रॉस यांना आपल्या सहकारी मैत्रिणीबद्दल ते प्रश्न विचारताना काय वाटलं असेल याची कल्पना करवत नाही. २००१ मध्ये एकाला शिक्षा झाली, त्यात खिशात सापडलेल्या बंदुकीच्या दारूच्या एका सूक्ष्म कणाला मोठं स्थान होतं. त्या कणाचा अर्थ तितका ठाम नाही हे पुढे स्पष्ट झालं, आणि २००८ च्या फेरखटल्यात तो माणूस निर्दोष सुटला. आठ वर्षं आत काढून. तो खून आजही उलगडलेला नाही.

आवाहन चुकीच्या वाटेला लावू शकतं

हो, आणि त्याची किंमत जीव देऊन मोजावी लागली आहे. १९७०च्या दशकात इंग्लंडमधल्या यॉर्कशायर परगण्यात एकामागून एक बायकांचे खून होत होते. १९७९ मध्ये पोलिसांना एक ध्वनिफीत आली. बोलणारा म्हणत होता, खुनी मीच. पोलिसांनी ती टीव्हीवर, रेडिओवर, फोनवरूनसुद्धा लोकांना ऐकवली. भाषातज्ज्ञांनी बोलण्याच्या ढबीवरून तो दूरच्या सन्डरलंड शहराच्या एका विशिष्ट भागातला आहे हे अचूक सांगितलं. तपासाचा सगळा रोख त्या ढबीकडे वळला. खरा खुनी यॉर्कशायरचाच, ढब वेगळी, आणि पोलिसांनी त्याची अनेकदा चौकशी करून सोडलेलं. ध्वनिफीत आल्यानंतर आणखी तीन बायका मारल्या गेल्या. १९८१ च्या जानेवारीत तो सापडला तो खोट्या नंबरपाटीमुळे. ध्वनिफीत पाठवणारा थापाड्या २००५ मध्ये पकडला गेला, पाकीट चिकटवताना लावलेल्या थुंकीवरून. तज्ज्ञांनी सांगितलेल्या भागाच्या जवळच तो राहत होता.

दोष विचारण्याचा नव्हता. आलेल्या उत्तरावर विसंबून बाकीचे धागे सोडून दिले, तिथे घात झाला.

शेजाऱ्यावर पाळत ठेवायची सवय नाही का लागत?

जर्मनीत ही टीका पहिल्या दिवसापासून झाली, आणि ज्या देशाने शेजाऱ्यांच्या चहाड्यांवर माणसं छळछावणीत जाताना पाहिली, तिथे ती व्हायलाच हवी होती. भीतीबद्दलचा आक्षेपही खरा आहे. महिन्यातून एकदा तासभर खून बघितले की अंधाऱ्या रस्त्यावरची प्रत्येक सावली संशयास्पद वाटते. रॉस यांना दर भागात ते शांत झोपायला सांगणारं वाक्य म्हणावं लागायचं, यातच सगळं आलं.

तरीही चांगल्या आवाहनात एक शिस्त असते. प्रश्न नेमका असतो: अमुक तारीख, अमुक रस्ता, अमुक रंगाची गाडी. उत्तर जातं ते थेट पोलिसांकडे, गावच्या पारावर नाही.

ही गाळणी काढून टाकली की काय होतं ते आपण महाराष्ट्रात बघितलं आहे. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या मोबाइलवरच्या अफवेतून जमावाने भिक्षा मागून जगणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना ठार मारलं. ‘सावध राहा, पुढे पाठवा’ या निरोपात तारीख नव्हती, ठिकाण नव्हतं, खात्री करायला नंबर नव्हता. अमेरिकेत २०१३ च्या बॉस्टन स्फोटांनंतर इंटरनेटवरच्या हौशी शोधकांनी एका निरपराध विद्यार्थ्याला आरोपी ठरवलं होतं, तेही असंच. म्हणून कुणी म्हणतं की आता समाजमाध्यमं आहेत, जुन्या कार्यक्रमांची गरज काय, तेव्हा मला ते पटत नाही. हाक मोठी झाली, पण ऐकून घेणारा कान कुठे आहे?

नात्याचा शोध म्हणजे खासगीपणावर घाला

हा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. अमेरिकेत ‘गोल्डन स्टेट किलर’ म्हणून कुप्रसिद्ध असलेला, १९७० आणि ८० च्या दशकांत १३ खून करणारा माणूस एप्रिल २०१८ मध्ये सापडला तो लोकांनी हौसेने आपली वंशावळ शोधायला भरलेल्या डीएनए साठ्यातून. त्याच्या दूरच्या नातलगांनी आपलं कूळ कुठून आलं ते बघायला नमुना दिला होता. आपण नमुना देतो तेव्हा न विचारता चुलतभावाचाही देत असतो.

भारतात असा राष्ट्रीय डीएनए साठा नाही. त्यासाठीचं २०१९ चं विधेयक २०२३ मध्ये मागे घेतलं गेलं. मात्र २०२२ च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्याने पोलिसांना जैविक नमुने घेण्याचा अधिकार मिळाला आणि नोंदी ७५ वर्षं ठेवता येतात. कुणाचा नमुना, किती काळ, कोण बघणार, निर्दोष सुटल्यावर तो खरंच पुसला जाणार का, हे प्रश्न आत्ता विचारायचे आहेत, साठा भरून गेल्यावर नव्हे. मला जुन्या खुनांचा छडा लागावा असं मनापासून वाटतं, आणि तरीही हे लिहितो.

आपल्याकडे काय व्हायला हवं

दोन गोष्टी, आणि दोन्ही साध्या आहेत. पहिली, मुद्देमाल. गुन्ह्यात जप्त केलेल्या वस्तूंना आपल्याकडे मुद्देमाल म्हणतात. ब्रिस्टलचा तो स्कर्ट टिकला, कारण १९६७ मध्ये कुणीतरी तो नीट गुंडाळून, चिठ्ठी लावून ठेवला आणि पुढच्या पन्नास वर्षांत कुणी फेकला नाही. ठेवणाऱ्याला डीएनएने गुन्हा सुटतो हे स्वप्नातही माहीत असणं शक्य नव्हतं. कोरडी खोली, वाचता येईल अशी चिठ्ठी आणि नोंदवही, एवढ्यावर उद्याचा एखादा खटला उभा राहू शकतो.

दुसरी, ‘ए समरी’ झालेल्या फाइलींबद्दल लोकांना पुन्हा विचारणं. हरवलेल्यांच्या शोधपत्रिका पोलीस आजही काढतात, पण त्या ठाण्याच्या फलकावर पिवळ्या पडतात. खाली नंबर असलेला, नेमका प्रश्न विचारणारा, मराठीतला पाच मिनिटांचा कार्यक्रम आज कुठल्याही वाहिनीला परवडेल. जुन्या खुनांवर तासन्‌तास बोलणारे पॉडकास्ट चालतात, तर त्यांच्या शेवटी तपास अधिकाऱ्याचा एक प्रश्न का नसावा?

आई आता ऐंशीच्या पुढे आहे. मागच्या महिन्यात ब्रिस्टलची ही हकीकत तिला सांगितली, तर ती म्हणाली, “तो मुलगा सापडला का रे?” कोणता मुलगा, मी विचारलं. “तो, दूरदर्शनवरचा. उजव्या भुवईवर जखमेची खूण. पायात स्लिपर. कितीतरी दिवस मी दादर स्टेशनला उतरले की बघायचे.” मला तो आठवत नव्हता. त्याचं पुढे काय झालं, हे आमच्या घरात कुणालाच कधी कळलं नाही. तिला भुवई मात्र उजवीच आठवते.